चुकलो खरेच, वहिनी

क्षमा हा विषय दिवाळी अंकाला दिला की लेखक बुद्धापर्यंत पोचतो, ख्रिस्तापर्यंत पोचतो आणि वाचक चिवड्याच्या डब्यापर्यंत. संपादकांना हे ठाऊक असावे. विषय कळवतानाच त्यांनी अट घातली : क्षमेवरच्या हसऱ्या कवितांबद्दल लिहा, आणि घरी बसून लिहू नका. मी बारामतीची एसटी धरली आणि तिथून पुढे इंदापूरची.

हेच दोन तालुके सुचले, कारण मराठीतला सर्वांत हुशार माफीनामा बारामतीत लिहिला गेला. लिहिणाऱ्याने तो देवाच्या नावे लिहिला, लोटांगण घालून लिहिला, आणि लोटांगणातूनच देवाला चिमटेही काढले. त्याला आता सव्वादोनशे वर्षे उलटून गेली. बारामती म्हटले की आज ऊस आठवतो, कालवा आठवतो, शिक्षणसंस्था आठवतात आणि राजकारण तर न आठवता आठवते. पण चूक झाली की ती यमकात कबूल करायची आणि समोरच्याला हसवून मोकळे व्हायचे, ही रीत या पट्ट्यात अजून चालू आहे. लग्नाच्या मांडवात दिसते, पालखीच्या मुक्कामावर दिसते, दुकानदाराच्या मोबाइलवर दिसते. ती चालते कशी आणि बंद कुठे पडते, एवढेच मला बघायचे होते.

सावकाराच्या गावातला ऋणको

मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळगडावर जन्मले. घराणे मूळचे राजापूरकडच्या सौंदळचे. पन्हाळ्यावरच्या पाध्ये बंधूंपाशी त्यांनी संस्कृत काव्य आणि अलंकार पक्के करून घेतले, आणि ऐन तारुण्यात ते बारामतीला आले ते कायमचे. १७९४ मध्ये गेले तेही इथेच. कऱ्हेच्या काठी सिद्धेश्वराचे जुने देऊळ आहे, जवळच बाबूजी नाइकांचा वाडा आहे, आणि त्यांच्या मधल्या मोजक्या अंतरात पंतांचे पुढचे सारे आयुष्य गेले. पात्रात वर्षाचा बराच काळ पाण्यापेक्षा झुडपेच जास्त असतात. नदीकाठचा कवी म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे येते ते इथे उभे राहत नाही. पंतांनाही निसर्गवर्णनाचा फारसा सोस नव्हता. त्यांचा सगळा जीव शब्दांत.

आश्रयदाते बाबूजी नाईक हे साधे प्रस्थ नव्हते. पेशव्यांची बहीण भिऊबाई नाइकांच्या घरात दिलेली, आणि पेशवे नाइकांचे कर्जदार. बाजीराव १७४० मध्ये गेले तेव्हा रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने खुद्द बाबूजींनीच पेशवेपदावर हक्क सांगितला होता. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली आणि नाईक बारामतीकरच राहिले. पुढे नानासाहेबांमागे कर्जाचा तगादा लावायला ते विसरले नाहीत.

हे सगळे सांगायचे कारण वेगळे आहे. ज्या घरी पंत पुराण सांगत, ते घर सावकाराचे होते. देणे, थकबाकी, तगादा, सूट, मुदत या गोष्टी तिथे रोजच्या. पंतांचे 'केकावली' वाचताना मला हे घर सारखे आठवत राहिले. केका म्हणजे मोराची हाक, आणि पंतांची नाममुद्रा मयूर. म्हणजे नावातच स्वतःवर केलेली कोटी. पृथ्वी वृत्तातले सव्वाशेच्या घरातले श्लोक. ओळीत सतरा अक्षरे, आठव्या अक्षरावर किंचित दम. त्यातला सत्संगतीची मागणी करणारा श्लोक शाळाशाळांत प्रार्थना म्हणून म्हटला गेला, त्यामुळे आख्खे काव्यच सोवळे आहे असा समज पसरला. मुळात ते एका ऋणकोने धनकोपुढे मांडलेले कैफियतनाट्य आहे. आधी कबुली : मी पापी, मी अपात्र, मजजवळ पुण्याची पै नाही. मग हळूच बाजू उलटते. पतितांना तारण्याचे ब्रीद तू मिरवतोस ना? मग पतित दारात उभा असताना आढेवेढे कसले? पूर्वी ज्यांना तारलेस त्यांची नावे सांगतो, त्यांचे आणि माझे पारडे जोखून बघ. मला सोडलेस तर माझे काय जायचे ते आधीच गेले आहे, नाव जाईल ते तुझे.

यात भक्ती खरी आहे आणि मिश्कीलपणाही तितकाच खरा आहे. 'संशयरत्नमाला' हे पंतांचे दुसरे छोटे काव्य तर देव धावून का येत नाही याच्या शंकांचीच माळ आहे. उशीर करणाऱ्या माणसाबद्दल घरात जसे तर्क चालतात, तसे देवाबद्दल. निंदेच्या आडून स्तुती करण्याची युक्ती पंतांनी शोधली नाही, ती संस्कृतातही आहे आणि तुकोबांच्या भांडकुदळ अभंगांत तर भरभरून आहे. पंतांनी तिला वकिली शिस्त लावली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांची बाजू हिरिरीने मांडली, ल. रा. पांगारकरांनी मोठा चरित्रग्रंथ लिहिला, आणि पंतांना यमकांचे कारागीर म्हणून निकालात काढणारेही पुष्कळ झाले. मला वाटते, पंत विनोदी आहेत हे मान्य केले की या दोन पक्षांतले निम्मे भांडण मिटते. निरोष्ठ रामायण, म्हणजे प-वर्गातले एकही अक्षर न वापरता रचलेले रामायण, लिहिणारा माणूस गंभीर चेहऱ्याने खेळत होता, दुसरे काय!

तीस मात्रा गुन्ह्याच्या, तीस शरणागतीच्या

पंतांचे नाव आर्येशी जोडलेले आहे, पण शास्त्राच्या काट्यावर त्यांच्या बहुतेक आर्या या गीती आहेत. आर्येच्या पहिल्या ओळीत बारा आणि अठरा मात्रा, दुसरीत बारा आणि पंधरा. गीतीत दोन्ही ओळी सारख्या, बारा आणि अठरा. ह्रस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. चार-चार मात्रांची घरे करायची, ओळीत सात घरे, आणि शेवटी एक गुरू उरतो. विषम घरात लघु-गुरू-लघु असा गण बसवायचा नाही. सहाव्या घरात मात्र तोच लागतो, किंवा चार लघू.

हे कोरडे वाटते. म्हणून एक नमुना रचून बघू. समजा, दिराने जेवताना आमटी खारट आहे असे म्हटले, वहिनी रुसली, आणि आता माफी मागायची आहे :

चुकलो खरेच वहिनी, आमटि खारट म्हणून गेलो मी;
वाटी तिसरी भरता, शुद्धीवरती हळूच आलो मी.

घरे मोजा. चुकलो, खरेच, वहिनी : तीन घरे, बारा मात्रा, आणि कबुली संपली. कबुली याहून लांबली की माणूस भाषण करतो आहे असे वाटू लागते. आमटि, खारट, म्हणून, गेलो आणि वर मी : अठरा मात्रांत गुन्हा. 'आमटी'चा दीर्घ कापून 'आमटि' केला आहे. ही सवलत पंत खुशाल घेतात, आपण एका वाटीपुरती घेऊ. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या बारांत पुरावा येतो आणि तो गुन्हेगाराच्याच विरुद्ध जातो, कारण आमटी खारट असती तर तिसरी वाटी कशाला? शेवटच्या अठरांत शरणागती. दोन्ही ओळींच्या सहाव्या घरात, 'म्हणून' आणि 'हळूच' या शब्दांवर, लघु-गुरू-लघु असा हिसका बसतो. म्हणताना तिथे जीभ क्षणभर अडते आणि मग ओळ घरंगळत शेवटाला जाते. हसू त्या अडण्यात तयार होते. 'शुद्धीवरती'च्या जागी 'भानावरती'ही मात्रांत चपखल बसते. पण भान कोणाचेही सुटते, शुद्ध हरपायला काहीतरी मोठे घडावे लागते. आमटीने माणसाची शुद्ध हरपली, ही वहिनीच्या हाताला दिलेली पावती आहे.

पंत हे काम देवापुढे करतात आणि फार उंचीवर करतात, पण घाट हाच. आधी स्वतःला पूर्ण आरोपी करायचे, मग पुरावा असा मांडायचा की समोरच्याला आपल्याच थोरपणाची आठवण व्हावी.

अशा कवितेला उत्तर यावे लागते. माफी गद्यात मागितली तर समोरचा मान हलवून सुटतो. पद्यात मागितली की त्याच्यावर उत्तराची जबाबदारी पडते, आणि उत्तर जुळवायला बसलेल्या माणसाचा राग अर्धा यमकातच खर्च होतो. वहिनी म्हणेल :

माफ तुम्हाला केले, भावजि, भांडी तुम्हीच घासा हो;
खारट पुन्हा म्हणाला, तुमच्या नावे उपास खासा हो.

शिक्षा झाली, ताकीद झाली, आणि भांडण जेवणाच्या पाटावरच राहिले.

सोलापूरचा शाहीर बारामतीत

पंतांच्या उत्तरकाळात सोलापूरचा रामजोशी हा लावण्यांचा राजा होता. घरचा वैदिक ब्राह्मण, संस्कृत उत्तम, आणि डफावर थाप पडली की फड त्याचा. तो बारामतीला आला, पंतांची गाठ पडली आणि त्याने तमाशा सोडून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. सांगणारे ती आपापल्या परीने सांगतात. कोणाच्या सांगण्यात पंत आडून लावणी ऐकतात, कोणाच्या सांगण्यात शाहीरच पायांवर येतो. कितपत खरी ते सोडून देऊ. पण पंतांच्या आर्या कीर्तनात रंगवून गावोगाव नेल्या त्या रामजोशांनी, याबद्दल दुमत नाही. १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपट आला. जयराम शिलेदार रामजोशी, हंसा वाडकर नायिका, गीते ग. दि. माडगूळकरांची. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानातल्या सभागृहाला गदिमांचेच नाव आहे. योगायोग असेल, पण हिशेब नीट बसतो.

या आख्यायिकेत मला रस आहे तो एका गोष्टीसाठी. तिच्यात कोणी कोणाला उपदेश करत नाही. पंतांनी शाहिराला बोल लावल्याचे कुठे सांगत नाहीत. त्याच्या शब्दांचे कौतुक केले, एवढेच. एका कवीने दुसऱ्याला माफ करायचे झाले तर तो यमकाला दाद देतो. आजही कविसंमेलनात दोन कवींचे वाजलेले असेल तर मिटल्याची खूण तीच : एकाने दुसऱ्याच्या ओळीवर हात वर करून 'पुन्हा' म्हणणे. रामदास फुटाणे, अशोक नायगावकर यांच्यासारख्यांनी मंचावरची हास्यकविता तालुक्याच्या गावापर्यंत नेली, आणि त्यांच्या मागोमाग प्रत्येक तालुक्यात वात्रटिकाकारांची एक फळी उभी राहिली. त्यातल्या बऱ्याच जणांचा हुकमी विषय बायकोची माफी. हे खोटेही आहे आणि कंटाळवाणेही. तीच साडी, तेच लाटणे, तोच बिचारा नवरा. त्यात चूक नेमकी कोणती झाली ते कधीच सांगितलेले नसते. चूक न सांगता मागितलेली माफी ही तक्रार असते, आणि वर टाळ्या घेणारी तक्रार.

नामोल्लेख राहिला असल्यास

हसऱ्या माफीचा खरा कारखाना लग्नाच्या कार्यालयात आहे. बारामतीहून भिगवणकडे किंवा इंदापूरकडे निघा, रस्त्याला कार्यालये आणि लॉन्स लागतात. लग्नसराईत तिथे संध्याकाळी एकच दृश्य असते. मुहूर्त गोरज, मिनिटासकट छापलेला, आणि मिरवणूक अजून वेशीवर नाचते आहे. मांडवात हजारभर माणसे बसली आहेत, त्यांतली निम्मी पुढच्या लग्नाला जायची आहेत. माइक सूत्रसंचालकाच्या हातात.

हा माणूस म्हणजे आजचा पुराणिक. त्याचे काम स्वागताचे असते असे आपल्याला वाटते. निम्मे काम क्षमायाचनेचे असते. नवरदेवाला उशीर, त्याबद्दल चारोळी. वीज गेली, चारोळी. अमुक अण्णा, तमुक तात्या, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे अध्यक्ष, माजी सरपंच आणि भावी सरपंच यांची नावे घ्यायची, आणि कोणाचे राहिलेच तर शेवटी ठरलेले वाक्य : अनवधानाने कोणाचा नामोल्लेख राहिला असल्यास क्षमस्व. नाव राहणे हा इथे बारीक गुन्हा नव्हे. त्यावरून पुढच्या निवडणुकीत मत फिरते. म्हणून मुरलेला सूत्रसंचालक ठरलेल्या वाक्यावर भागवत नाही. तो त्या पाहुण्याला पुढच्या फेरीत खास चारोळीने उठवतो. चारोळीचा मथितार्थ असा : हिरा शेवटी दाखवायचा असतो, म्हणून तुमचे नाव मागे ठेवले. पाहुण्याला हे बनावट आहे हे कळते, मांडवालाही कळते. सगळे हसतात आणि फेट्याचे टोक पुन्हा ताठ होते.

लग्नपत्रिकेतही हीच तजवीज आधीपासून असते. नजरचुकीने निमंत्रण राहिल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे, ही ओळ म्हणजे चूक व्हायच्या आधीच छापून ठेवलेली माफी. तिच्याखाली पोराटोरांच्या नावे एक तोडकेमोडके बोबडे कवन असते, काकाच्या नाहीतर मामाच्या लग्नाला यायचे म्हणून. मोठ्यांच्या मानपानात काही राहिले तर लहानांनी हात धरावा, अशी ती योजना.

पण यातला जुना आणि अस्सल प्रकार विहिणीचा. वरमायेची पंगत बसते, मुलीची आई तिचे पाय धुते, आणि बायका विहीण म्हणतात. त्या गाण्यांत दोन सूर एकाच वेळी असतात. एक रडवा : लेक तुमच्या ओटीत घातली, तिचे चुकले-माकले पोटात घाला. दुसरा खोडकर : विहीणबाईंच्या नथीवर, चालीवर, खाण्यावर टोमणे. माफी मागणारी बाजूच टोमणे मारते आणि माफ करणारी बाजू ते ऐकून घेते, कारण गाण्यात म्हटलेले मनावर घ्यायचे नाही असा करार असतो. रुखवतावरच्या चिठ्ठ्यांतले दोन-दोन ओळींचे चिमटे त्याच करारातले. आता विहीण म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या आहेत, तिथे ध्वनिमुद्रित गाणी लागतात. त्यात रडवा सूर तेवढा उरला आहे. खोडकर सूर कापला गेला, आणि मला वाटते की त्याबरोबर विहीणबाईंचा रुसवा काढायची सोयही गेली. स्पीकरवरचे गाणे तुमच्या विहिणीची नथ बघून ओळ बदलू शकत नाही.

पाय दाबणारा आरोपी की फिर्यादी

तुकोबांची पालखी बारामतीहून निघते ती काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करत इंदापूर तालुका ओलांडते आणि सराटीहून सोलापूर जिल्ह्यात उतरते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. वर्णने दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात, त्यामुळे मी रिंगण सोडून रात्रीच्या कीर्तनाबद्दल सांगतो. मंबाजीची गोष्ट या वाटेवर हटकून निघते.

महिपतींनी ती लिहून ठेवली आहे. देहूच्या मंबाजीने तुकोबांना काटेरी फोकाने झोडपले. त्या रात्री कीर्तनाला तो आला नाही, तेव्हा तुकोबा त्याच्या घरी गेले आणि त्याचे अंग दाबू लागले. मला मारताना तुम्हाला श्रम झाले असतील, अशा भावाने. गोष्टीतला हा क्षण कीर्तनकार कसा घेतो यावरून त्याची जात कळते. कच्चा कीर्तनकार इथे गहिवरतो. मुरलेला थांबतो, टाळकऱ्याकडे बघतो, स्वतःचा दंड चोळून दाखवतो, आणि मांडव हसतो. पाठ तुकोबांची फुटली आणि हात मंबाजीचे दुखले! हसून झाल्यावर मग शांतता होते ती वेगळी असते.

इथे माफी मागणारा कोण आणि करणारा कोण, याचा गुंता झाला आहे. मार खाल्लेलाच क्षमायाचकाच्या जागी जाऊन बसतो. पंतांची तऱ्हा याच्या उलट : चुकलेला पापी फिर्यादीच्या जागी उभा राहून देवालाच जाब विचारतो. एक माणूस खाली उतरतो, दुसरा वर चढतो. विनोद दोन्हीकडे जागांच्या या अदलाबदलीतून निघतो.

भाद्रपदातला हिशेब

बारामतीच्या बाजारपेठेत जैन व्यापाऱ्यांची घरे पुष्कळ. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर तर सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातल्या वालचंद हिराचंद यांनी वसवलेले : आधी साखर, मग साखर कारखान्यांची यंत्रे आणि पुढे इस्रोच्या रॉकेटांचे भाग. भाद्रपदात पर्युषण संपते त्या दिवशी श्वेतांबरांची संवत्सरी आणि त्यानंतर दिगंबरांची क्षमावणी. वर्षभरात कळत-नकळत दुखावले असेल त्याची माफी प्रत्येकाने प्रत्येकाकडे मागायची. नोकराने मालकाकडे, आणि मालकानेही नोकराकडे. मिच्छामि दुक्कडम् हे शब्द त्या दिवशी गल्लीभर ऐकू येतात.

पूर्वी यासाठी छापील पत्रे जात. आता मोबाइलवर कविता येतात, हिंदीत, गुजरातीत आणि मराठीत, आणि त्या सगळ्या गंभीर नसतात. उधारी मागायला आलो तेव्हा चहा थंड दिला, वजनाच्या काट्यावर नजर ठेवली, फोन उचलला नाही आणि वर नेटवर्कला बोल लावला, अशी बारीकसारीक पापे यमकात मोजणारे संदेश फिरतात. पुढे पाठवलेले असले तरी चालतात. मला त्यांतली एक गोष्ट पटली : त्यांत पापाचे नाव असते. मंचावरच्या वात्रटिकेत नेमके तेच नसते. व्यापाऱ्याला मोघम नोंद सहन होत नाही, ती माफीची असली तरी.

हसू कोणाच्या अंगावर पडते

इथवर सगळे गोड चालले. पण विनोदाने माफी मागता येते तशी विनोदामुळेच माफी मागावी लागते, आणि त्याचे राज्यभर गाजलेले उदाहरण इंदापूर तालुक्यातलेच आहे. एप्रिल २०१३. राज्यात मोठा दुष्काळ होता आणि उजनीच्या पाण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार निंबोडीच्या सभेत त्यावरून आणि धरणातल्या नसलेल्या पाण्यावरून थट्टेत नको ते बोलून गेले. सभेत त्या वेळी हशा झाला. ध्वनिफीत बाहेर गेल्यावर संताप झाला. त्यांनी जाहीर माफी मागितली, आणि काही दिवसांत कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर उपवास करून आत्मक्लेश केला.

त्या माफीत विनोद नव्हता आणि असून चाललाही नसता. सभेतले हसू तहानलेल्या माणसाच्या अंगावर पडले होते. दिराच्या गीतीत ते दिराच्याच अंगावर पडते, मंबाजीच्या गोष्टीत मारणाऱ्याच्या हातावर, केकावलीत कवीच्या पापावर आणि क्वचित देवाच्या ब्रीदावर, म्हणजे ज्याला ते सहज पेलते त्याच्यावर. माफीची कविता रचायला बसणाऱ्याने मात्रा नंतर मोजाव्यात. आधी हसू कोणाच्या अंगावर पडणार आहे ते बघावे. शिमग्यात शिव्या खपतात त्या सगळ्यांना सारख्या पडतात म्हणून. सभेतला माइक एकाच बाजूला असतो.

बांध

इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, नीरा आणि भीमा मिळतात तिथे नरसिंहपूर आहे. पुणे जिल्हा तिथे संपतो. देव नरसिंह, म्हणजे रागाचा पुतळाच, आणि मूर्ती प्रल्हादाने पूजलेली अशी श्रद्धा. पुराणातला तो राग लक्ष्मीच्यानेही आवरला नाही, पोराच्या स्तुतीने निवला. स्तोत्र ही राग उतरवायची वस्तू आहे, हे या क्षेत्राला कोणी समजावून सांगायला नको. आपल्या कुठल्याही पूजेच्या शेवटी गुरुजी क्षमापनाचे श्लोक म्हणतात : मंत्र आला नाही, विधी चुकला, भक्ती कमी पडली, सगळे पदरात घे. बहुतेक वेळा ते इतक्या वेगात म्हटले जातात की देवाला माफ करायलाही अवधी मिळू नये. नैवेद्य निवत असतो ना.

पण नरसिंहपूरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे, उसाच्या मधून बांध गेले आहेत, आणि बांधाच्या भांडणावर मी हसरी कविता शोधून थकलो. सासू-सुनेवर आहे, दीर-भावजयीवर आहे, व्याह्यांवर आहे, उधारीवर आहे. सख्ख्या भावांनी वीतभर बांध कोरण्यावर नाही. ओव्यांत भावकीचे दुःख आहे, तमाशाच्या वगात भाऊबंदकी आहे, पण एका भावाने दुसऱ्याला यमकात 'चुकलो' म्हटल्याचे सापडत नाही. कारण उघड आहे. आमटीची तिसरी वाटी पिऊन झाल्यावर खारटपणा विसरता येतो. बांध कोरलेला रोज दिसतो, आणि तो कोर्टाच्या तारखेलाही दिसतो.

कवितेने टाकलेली ही जागा सरकारने घेतली आहे. जानेवारी २०२३ मध्ये महसूल विभागाने सलोखा योजना काढली. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असे किमान १२ वर्षे चालले असेल, तर दोघांनी आपसात अदलाबदलीचा दस्त करायचा. गावपातळीवर पंचनामा होतो. एरवी मुद्रांक शुल्क जमिनीच्या किमतीवर लागते. इथे नाममात्र १,००० रुपये, आणि नोंदणी फी आणखी १,०००. दोन भाऊ, दोन पिकती शेते, बारा वर्षांचा अबोला, आणि खर्च दोन हजार. पुन्हा जागांची अदलाबदलच! पंतांनी ती सव्वाशे श्लोकांत केली.

दस्ताला दोघांनाही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हजर राहावे लागते. नंबर यायला वेळ लागतो आणि बसायला बाक एकच असतो. त्या बाकावर पहिले वाक्य कोण बोलतो आणि काय बोलतो, ते ऐकायला पुढच्या वेळी तिथे बसावे म्हणतो. कोणी गीतीत बोलला तर कळवीनच.